डाव्या मडगार्डवरचा सांधा

जे मी आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही सांगितलेलं नाही, ते आधी लिहून टाकतो. नाहीतर माणसाच्या गमतीजमती सांगता सांगता नेहमीसारखा त्याला बगल देईन. माझ्या अकोल्याच्या साडूंची जीप चालत नाही. विकली तेव्हापासून ती एका जागी उभी आहे, आणि कुठे उभी आहे ते मला ठाऊक आहे. दर रविवारी सकाळी साडूंचा फोन येतो. "चालते ना?" असं ते विचारतात आणि मी "चालते" म्हणतो. मग ते इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवतात, आणि माझा रविवार तिथेच संपतो.

गाड्यांवर एवढा विश्वास आणि माणसांवर एवढा संशय असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. नात्याने ते माझे मोठे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना 'भाऊ' म्हणतो, ते मला 'साडूभाऊ' म्हणतात. अकोल्यात त्यांची एक तेलाची मिल होती. ती बंद पडली तेव्हा लोक हळहळले, पण भाऊंचा चेहरा उजळला, कारण आता गोदाम रिकामं झालं होतं. त्या गोदामात त्यांनी हळूहळू गाड्या आणून भरल्या. जुन्या मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, धरणाच्या कामावर झिजलेला एक डंपर, दोन-तीन जीपा. सरकीच्या वासात ग्रीसचा वास मिसळला. भाऊ बनियनवर त्या सगळ्यांमधून असे फिरायचे, की एखादा डॉक्टर वॉर्डात राउंड घेतोय असं वाटावं. माणसांशी बोलतानाही त्यांची भाषा गोदामातलीच. कुणाच्या मयतीला गेले तर परतताना हळूच म्हणायचे, "रेडिएटर चांगलं होतं बिचाऱ्याचं, पानी कमी पडलं." माझ्याबद्दलचं त्यांचं मत लग्नातच ठरलेलं होतं. "साडूभाऊ, तुमची गाडी न्यूट्रलमधी चालू हाये. आवाज येते, पन पुढं काई जात नाई." मी हसून सोडून द्यायचो. अमरावतीत माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांकडे बघत बसणाऱ्या माणसाला फारसं बोलावं लागत नाही.

या सगळ्या लोखंडाच्या पसाऱ्यात खरी गाडी एकच. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली, मूळची सैन्यातली, पुढची काच खाली पाडून बॉनेटवर झोपवता येणारी ती जुनी जीप. परतवाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराच्या आवारात ती गवतात रुतून पडली होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. भाऊंनी ती ट्रकवर घालून आणली आणि पुढची कित्येक वर्षं तिचा एकेक भाग माणसं हरवलेले नातेवाईक शोधतात तसा शोधला. कुठल्या गावी कुणाच्या विहिरीवर तसलं चाक पडलंय असं कानावर आलं, की भाऊ एसटीने निघालेच. शेवटी ती अशी झाली, की तिच्यावर एकही भाग परका नाही. मुंबईहून एक जाणकार मुद्दाम बघायला आले, खाली झोपून बघितलं, आणि उठून कपडे झटकत म्हणाले की अशी मूळ स्वरूपातली गाडी त्यांनी तरी इतरत्र बघितलेली नाही. भाऊंनी त्यांना चहा पाजला, पण गाडीला हात लावू दिला नाही.

अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल. त्या उन्हाळ्यात घरातला मोठा कूलर गोदामात लागायचा, जीपच्या तोंडासमोर. भाऊ आणि अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, घरात पंख्याखाली ओला टॉवेल अंगावर घेऊन बसायचे. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येणार; तरी आल्याबरोबर पहिली बादली उकळून, गाळून रेडिएटरसाठी बाजूला. अक्का एकदा माझ्यादेखत म्हणाली, "मी बी थोडी गरम होतो ना जी." भाऊ शांतपणे म्हणाले, "तुई वॉरंटी हाये." यावर तीच आधी हसली.

त्या जीपवर एकच खूण होती. फार पूर्वी सेमाडोहच्या पुढे जंगलाच्या रस्त्यावर एक सागाचं झाड आडवं पडलं होतं. भाऊंनी वळवून काढताना त्याच्या फांदीने मागचं डावं मडगार्ड फाडलं. तिथल्याच एका वेल्डरने ते जोडून दिलं; सांधा जाड, ओबडधोबड, मुंगळ्यांची रांग चालावी तसा वाकडा. पुढे सगळी गाडी आरशासारखी झाली तरी तो सांधा भाऊंनी घासू दिला नाही. बोलता बोलता त्यांचा अंगठा त्या सांध्यावरून मागेपुढे फिरत राहायचा, कुणी आपल्याच हातावरचा जुना व्रण चाचपावा तसा. "हे एवढंच तिचं माह्यासोबतचं," ते म्हणायचे. "बाकीचं सारं तिचं पह्यलेचं."

डावं स्टिअरिंग म्हणजे आपल्या रस्त्यांवर पंचाईतच. चालवणारा कडेला बसतो, पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून काय येतंय ते त्याला दिसत नाही. ते उजवीकडे बसलेल्या माणसाने सांगायचं. तीसेक वर्षं ते काम अक्काने केलं. ती डोकं थोडं बाहेर काढायची आणि दोनच शब्द बोलायची, "जा" किंवा "थांबा." भांडण झालेलं असेल तरी हे दोन शब्द बंद व्हायचे नाहीत. एकदा रिद्धपूरच्या जत्रेहून येताना दोघं सबंध रस्ताभर एकमेकांशी अबोला धरून, फक्त "जा" आणि "थांबा" एवढ्यावर घरी पोचले होते. माझ्या बायकोच्या मते सुखी संसाराला एवढे शब्द पुरतात.

अडचण उजवीकडे नव्हतीच. ती डावीकडून आली, आणि ती सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली. भाऊ चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आले होते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला. मला तो वेग खटकला. चहा सांगायच्या निमित्ताने मी उठलो आणि तक्ता बदलून टाकला. भाऊंनी पुन्हा तोच जुना तक्ता, तितक्याच आत्मविश्वासाने म्हणून दाखवला. आधीच्या कुठल्यातरी खेपेला, मी चहा सांगायला गेलो असताना, त्यांनी तो जवळ उभं राहून पाठ केला होता. मी म्हणालो, "भाऊ, तक्ता बदललाय." ते जराही न गडबडता म्हणाले, "मंग पह्यले सांगाव नाई का." मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. त्यात कडेचं दिसणं आधी जातं. माणूस नळीतून बघितल्यासारखा फक्त समोरचं बघतो, आणि ती नळी अरुंद होत जाते. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. खाली उतरताना भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "समोरचं दिसते ना? मंग झालं. गाडी समोरच जाते."

पावसाळ्यानंतर एका रविवारी बोरगाव मंजूच्या अलीकडे डावीकडच्या पायवाटेवरून एक सायकलवाला रस्त्यावर आला. भाऊंना तो दिसलाच नाही. अक्का आपल्या उजव्या बाजूच्या ट्रककडे बघत होती. जीपचा कोपरा सायकलच्या हँडलला लागला आणि तो माणूस बाजूच्या तुरीत जाऊन पडला. खरचटलं, बाकी काही झालं नाही. तो उठून, कपडे झटकून, वर भाऊंनाच विचारत होता, "काका, तुमाले तर नाई ना लागलं?" संध्याकाळी अक्काचा मला फोन आला. ती कधी रडत नाही. रडली नाहीच. म्हणाली, "जवाईबापू, ते गाडी इका. कोनालेबी इका. मले आता दोनी बाजू पाहाव लागते, आन मले दोनच डोये हाये."

भाऊंनी फार वाद घातला नाही, हे मला जड गेलं. बाकीच्या गाड्या त्यांनी महिन्याभरात काढून टाकल्या, भंगारवाल्यालाही काही दिल्या, आणि मागे वळून पाहिलं नाही. जीपसाठी मात्र एकच अट. "उभी ठेवनाऱ्याले देत नाई. चालवनाऱ्याले देईन. आन देन्याच्या पह्यले घर पाहीन." मी म्हणालो, "भाऊ, लेक देतोय का आपण?" ते चिडले. "लेक-बिक काई नाई. लोखंड हाये. पन लोखंड कोठी जाऊन पडते हे पाहाव लागते."

मग आमच्याकडे सोयरीक जमवताना मुलीकडची माणसं घर पाहायला जातात, तसे आम्ही जीपचं घर पाहायला जाऊ लागलो. मी, भाऊ आणि अक्का. भाऊ मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालायचे. नागपूरच्या एका बिल्डरने गोदामातच विचारलं की हिला एसी बसवता येईल का. त्याचं घर पाहायला आम्ही गेलोच नाही. एक जण आला तो मोबाइलवर स्वतःचं चित्रण करत बुटासकट बॉनेटवर चढला. भाऊंनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि विचारलं, "घरी मायच्या अंगावर चढत असशीन का असाच?" अमरावतीचे एक डॉक्टर सगळ्या बाजूंनी योग्य होते. जंगलाची आवड, पैसा, शेड. भाऊ खूश झाले होते. निघताना शेडच्या कोपऱ्यात त्यांना वास आला. वाकून भिंतीवरून बोट फिरवलं, तर खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्या. डॉक्टरांच्या ड्रायव्हरच्या. गाडीत बसल्यावर भाऊ म्हणाले, "मालक चांगला हाये, सासू खराब हाये." सोयरीक मोडली. डॉक्टर नंतर माझ्या दुकानात येऊन विचारत होते की त्यांचं नेमकं काय चुकलं.

इकडे दिवस जात होते, आणि गाडी विकली जाईपर्यंत भाऊ दर रविवारी ती बाहेर काढतच होते. "सवय मोडली तं इंजिन जाम होते," असं म्हणत. रविवारी सकाळी मी दुकानात फोन समोर ठेवून बसायचो. तो पहिल्याच घंटेला उचलायचो. अक्का म्हणायची, "आलो बाप्पा घरी," आणि मग कुठे मी पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळायचो. प्रत्येक वेळी मला तुरीत पडलेला तो माणूस दिसायचा. फक्त आता तो उठत नसे.

अशात माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं. वळणरस्त्यावर त्याचं मंगल कार्यालय आहे, पुढे मोठं लॉन. फ्रेम निवडता निवडता तो म्हणाला की गेटजवळ चौथऱ्यावर ठेवायला त्याला एक जुनी जीप हवीय. नवरा-नवरी तिच्यात बसून फोटो काढतात, हल्ली तेच चालतं. मी त्याच्या डोळ्यांवर फ्रेम बसवत होतो. मला एका क्षणात सगळं दिसलं आणि ते मी केलं. मी त्याला शिकवलं. म्हणायचं की मला जंगलात जायला पाहिजे, दर पंधरा दिवसांनी सेमाडोहला जातो. लॉनचं नाव काढायचं नाही. घर म्हणून त्याच्या मेव्हण्याचं चांदूर रेल्वेजवळचं शेत दाखवायचं. तिथलं पत्र्याचं शेड मी स्वतः दोन माणसं लावून झाडून घेतलं, तिथे जॅक, ऑइलचे डबे, जुने टायर नेऊन ठेवले, भिंतीला चुना मारला. लग्नात घर दाखवताना लोक शेजाऱ्यांची खुर्ची-कपाटं आणून मांडतात, तसंच. आमच्या भागात हे नवीन नाही. पण ते करणारा माणूस मुलीकडचा नसतो.

भाऊ आले. तोवर त्यांची नळी बरीच अरुंद झाली होती. ते हातांनी आणि नाकाने बघत होते. भिंत चाचपली. छताकडे तोंड करून वारा कुठून येतो ते पाहिलं. शेताच्या वाटेवरची काळी माती मुठीत घेऊन दाबली आणि समाधानाने म्हणाले, "पावसात इथं फोर-व्हीलच लागंल." मग एकदम थांबले. "उंदरं?" मी म्हणालो, "नाही." "शेतात उंदीर नाई कसे? वायर खातात ते. मांजर हाये का?" लॉनवाला माझ्याकडे बघू लागला. हा प्रश्न मी त्याला शिकवला नव्हता. मी म्हणालो, "आहे. आत्ता बाहेर गेलीय." भाऊंनी मान हलवली. "मांजर असन तं हरकत नाई." आणि सौदा झाला. डॉक्टरांनी देऊ केलं होतं त्याहून कमी पैशांत.

जीप ट्रकवरून न्यायची नाही, चालवत न्यायची, असा त्यांचा शेवटचा हट्ट. चालवायला मी. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ उजवीकडे बसले आणि अक्का मागे. अकोल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत मी एकाही गाडीला मागे टाकलं नाही. पुढे एक ट्रक आला तेव्हा मागे बसून वर्षानुवर्षं बघितलेल्या सवयीने मी उजवीकडे वळून पाहिलं, अक्काकडून काही येईल म्हणून. तिथे भाऊ होते. डोळे मिटून, कान बाहेर काढून. "थांबा," ते म्हणाले. समोरून खरोखरच एक एसटी भरधाव गेली. थोड्या वेळाने, "जा." सबंध रस्ताभर त्यांनी मला नुसत्या कानांनी ट्रक ओलांडून दिले, आणि एकदाही चुकले नाहीत. मला वाटत होतं, यांना इतकं ऐकू येतं, तर माझं काय काय ऐकू येत असेल.

शेडमध्ये गाडी लावल्यावर त्यांनी अंगठा सांध्यावरून एकदा फिरवला आणि लॉनवाल्याला म्हणाले, "रविवारी चालू करजा." बस. दुसऱ्या दिवशी क्रेन आली. चौथऱ्यावर चढवायला जड जातं म्हणून इंजिन काढून त्याच शेडमध्ये ठेवलं गेलं. गाडीला गुलाबी रंग आणि सोनेरी पट्टे मारले, आणि बॉनेटखाली, जिथे इंजिन होतं, तिथे गाण्यांचा मोठा स्पीकर बसवला.

मग रविवारचे फोन सुरू झाले. "चालते ना?" एवढ्यावर भाऊ थांबत नाहीत. सेमाडोहला गेली होती का, नाल्यात पाणी किती होतं, घाटात तापली का. मी घरकोंबडा माणूस, पण मला सगळं सुचत गेलं. मी तिला कुठे कुठे फिरवून आणलं. एकदा तिच्यापुढून अस्वल गेलं. "बॉनेट पाहून घाबरलं असन," भाऊ म्हणाले. आणि शेवटी न चुकता, "मांजर कशी हाये?" मांजर बरी आहे. मांजर गाभण आहे. मांजरीला तीन पिल्लं झाली, एक कबरं. मला कधीही घरात मांजर पाळावीशी वाटली नाही, पण त्या शेडमधल्या मांजरीचं मी बाळंतपण केलं. मात्र आता अकोल्याच्या रस्त्यावर कुणी तुरीत पडणार नव्हतं; मी स्वतःला हेच सांगत राहिलो, आणि तेही खरंच होतं. त्यामुळेच तर सगळं अवघड झालं.

मग बायकोच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि पत्रिका आली तेव्हा तिच्यावर कार्यालय तेच होतं, वळणरस्त्यावरचं. मी दुसरी कार्यालयं सुचवून पाहिली. नवरीचा बाप म्हणाला, "भाऊजी, तिथं ते जीप हाये ना फोटोले, पोरीनं तेच पसंत केलं." लॉनवाल्याला गाठलं, एक दिवस जीप झाकून ठेव म्हणालो. तो हसला. "साहेब, लोक तिच्यासाठीच लॉन बुक करतात."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मी दुपारपासूनच तिथे होतो. भाऊंना मी गेटपासून सगळ्यांत लांब, आचाऱ्यांच्या चुलीजवळ बसवलं, वारा चांगला येतो म्हणून. अक्का आत बायकांमध्ये गेली. भाऊंच्या शेजारी मी खुर्चीला चिकटून बसलो, पाणी पाजलं, पान दिलं, कुणी भेटायला आलं की मीच आधी बोलायचो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. नवरीचा बाप मला सामानाच्या खोलीच्या किल्लीसाठी हाक मारत आला आणि मी काही क्षणच उठलो. परत आलो तर खुर्ची रिकामी. तेवढ्यात माईकवर फोटोवाल्याचा आवाज आला, "नवरदेव-नवरी जीपमधी बसतील." मी धावलो. त्या लॉनवर मी एवढा धावलेला बघून लोक बाजूला होत होते.

भाऊ चौथऱ्याच्या पायरीवर चढले होते, कुणा तरी नातेवाइकाचा हात धरून. नवरा-नवरी आत बसली होती. गुलाबी बॉनेटवर प्लास्टिकची फुलं, आणि खाली धाडधाड गाणं. भाऊंचा तळवा बॉनेटवर होता. पत्रा थरथरत होता. "हे काय वाजून राहिलं आत?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "स्पीकर आहे, भाऊ." "इंजिन?" "नाही." त्यांनी नातेवाइकाचा हात सोडून दुसराही तळवा बॉनेटवर टेकवला. मग म्हणाले, "आपलीच्याच जातीची हाये. इतकी जुनी." त्यांचा हात काचेच्या चौकटीवरून सरकत मागे निघाला, हळूहळू, डाव्या बाजूने. "कोनाची असन? कोनं तरी इकली असन घर न पाहता." बोटं मागच्या मडगार्डवर आली. मला रंगाच्या थराखालून तो सांधा दिसत होता, मुंगळ्यांच्या रांगेसारखा वाकडा. लॉनवाल्याने एवढं सगळं केलं, पण तो सांधा त्यानेही घासला नव्हता. भाऊंचा हात त्याच्यापासून वीतभर राहिला. मी तो हात मनगटाशी धरला. "भाऊ, पंगत बसली. चला, गरम आहे तोवर." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, जे थोडंसं दिसत होतं त्या नळीतून माझा चेहरा शोधला, आणि हात सैल सोडला. "चाला."

वळलो तर पायरीखाली अक्का उभी होती. ती जीपकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगण्याची गरज नव्हती. त्या सांध्याची धूळ तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा पुसली होती. भाऊंना पंगतीत बसवून मी हात धुवायला गेलो, तिथे ती आली. हळू आवाजात म्हणाली, "उजवी बाजू मी सांगतली, जन्मभर. हे डाव्या बाजूचं हाये जवाईबापू. हे तुमीच सांगा." आणि पदराने हात पुसत निघून गेली. त्यानंतर तिने हा विषय काढलेला नाही.

पंगतीत भाऊंनी वाढप्याला सांगून माझ्या पानात जिलबी वाढायला लावली. "आज ते गाडी पाह्यली ना," ते शेजारच्याला सांगत होते, "मले वाईट वाटलं. पन बरंबी वाटलं. आपली चांगल्या घरी पडली. हे साडूभाऊ होते मनून. यानं घर पाहून देल्ली." मग माझ्याकडे वळून, "मांजर कशी हाये?" मी घास गिळला आणि म्हणालो, "बरी आहे."

परवा मी चांदूर रेल्वेला गेलो होतो, लॉनवाल्याच्या मेव्हण्याच्या त्या शेडवर. का गेलो मला नीट सांगता येणार नाही. इंजिन लाकडाच्या ठोकळ्यांवर होतं, वर पोतं टाकलेलं. पोतं उचललं तर मागून एक मांजर उडी मारून गेली. खरी मांजर, अंगाने बारीक, कबरी. मी केलेल्या सगळ्या खोटेपणातलं एवढंच एक आपोआप खरं झालं होतं. इंजिनावरच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या नव्हत्या. मी तिथे थोडा वेळ बसलो. इंजिन अजून चालू होऊ शकतं, असं मी विचारलेला मेकॅनिक म्हणतो. लॉनवाला गाडी परत देईल का, हे मी अजून विचारलेलं नाही.

भाऊंना आता वाचता येत नाही. अक्का त्यांना सकाळी सगळं मोठ्याने वाचून दाखवते, पेपरातल्या जाहिरातींपासून. हे कुठे छापून आलं तर ती हेही वाचेल, आणि मधेच थांबणार नाही. तिच्या तोंडून त्यांना हे कळू नये. त्याआधी मला अकोल्याला गेलं पाहिजे. खरं सांगणं हे मी भाऊंचं देणं लागतो, आणि त्यांचा हात मी जिथे धरून मागे ओढला, तिथून पुढे वीतभर, त्या सांध्यापर्यंत नेऊन ठेवणं हेही. यातलं मी अजून काहीच दिलेलं नाही.